देश आधी की बातमी आधी? आणि मध्येच आलेली ‘तालुक्याची बदनामी’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : तुम्ही दोन वर्षांपासून नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका दैनिकाचे वार्ताहर आहात. एका पाड्यावर नळ बसले, योजनेचा फलक लागला, कागदावर घरोघरी पाणी पोहोचले. प्रत्यक्षात नळ कोरडे आहेत आणि बाया अजून विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. तुम्ही बातमी पाठवलीत. मंत्र्यांचा दौरा चार दिवसांवर होता. कार्यालयातून फोन आला, ‘देशभर गाजणाऱ्या योजनेची आणि आपल्याच तालुक्याची बदनामी कशाला?’ बातमी पडून राहिली. तुम्ही विचारता, पत्रकाराने आधी देशाचा विचार करायचा की बातमीचा? आणि शेवटी घाईत लिहिल्यासारखी एक ओळ : ‘नोकरी सोडू का?’

मी १९८६ साली नाशिकमध्ये मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि २०१९च्या अखेरीस संपादक म्हणून बाहेर पडलो. शेवटची अकरा वर्षे अंकाच्या तळाशी बारीक टाइपात माझे नाव छापले जात होते, ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’. तो मुद्रणालये आणि पुस्तक नोंदणीचा १८६७चा कायदा आता गेला, २०२३चा नवा आला. ती ओळ मात्र मला आजही झोपेत आठवते, कारण निवडीत मी बरेच चुकलो आहे. त्या चुकांतून जे कळले तेच सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्हाला फोन देशाने केला नव्हता. तो केला जिल्हा आवृत्ती सांभाळणाऱ्या माणसाने, आणि माझा अंदाज असा की त्याच्या टेबलावर दौऱ्याच्या विशेष पुरवणीची डमी पडलेली होती. अंदाज चुकीचा असेल तर माफ करा. पण तीस वर्षांत ‘देशहित’, ‘जिल्ह्याची प्रतिमा’, ‘समाजात चुकीचा संदेश’ हे शब्द मी जेव्हा जेव्हा फोनवर ऐकले, तेव्हा त्यांच्यामागे बहुतेक वेळा कुठली तरी चार पानांची जाहिरात पुरवणी, एखादे टेंडर नाहीतर एखाद्याचा वाढदिवस होता. बहुतेक वेळा म्हणतो, सर्व वेळा नाही. दंगलीच्या रात्री पोलीस आयुक्त ‘ही अफवा छापू नका’ म्हणतात तेव्हा ते खरोखर शहराचा विचार करत असतात, आणि मी त्यांचे ऐकलेले आहे. म्हणून शब्दाकडे पाहू नका. बातमी थांबली तर नेमका कोणाचा जीव वाचतो, ते पाहा. दंगलीच्या रात्री वाचतो तो रस्त्यावरचा माणूस. तुमची बातमी थांबल्याने त्या पाड्यावरची एकही बाई वाचली नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुम्हाला नेमणूकपत्र आहे का? मानधन महिन्याचे आहे की बातमीमागे? आणि मुख्य म्हणजे, जाहिराती तुम्हीच आणता का? तालुक्याच्या बातमीदाराचे खरे दुखणे इथे असते आणि शहरातल्या परिसंवादांत त्याबद्दल कोणी बोलत नाही. सकाळी ज्या सभापतींकडे रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल प्रतिक्रिया मागायची, दुपारी त्यांच्याकडेच ‘हार्दिक शुभेच्छा’ची क्वार्टर पान जाहिरात मागायची. कमिशनवर घर चालते. अंक पाच-सहा रुपयांना विकला जातो. कागद, छपाई, गाडी आणि विक्रेत्याचे कमिशन धरले तर त्याहून जास्त खर्च होतो. फरक जाहिरात भरून काढते. सरकारने १९६० साली वर्तमानपत्राची पाने किमतीला बांधली तेव्हा पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ साली न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारने पाने कापली तर दाद मागायला घटनेचे कलम १९ आहे. जाहिरात विभागाने बातमी कापली तर दाद कुठे मागायची? तशी जागा मला अजून सापडलेली नाही. तेव्हा तुमच्या अवस्थेत मी असतो तर मीही दोन दिवस गप्प बसलो असतो. त्यात लाज वाटून घेऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘देश आधी की बातमी’ असे विचारताना बातमीच्या बाहेर कुठेतरी देश उभा आहे असे आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात देश येतो तो मथळ्यातल्या एका शब्दात : ‘आपण’. तो शब्द लिहिताना आपण कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, एवढेच संपादकाच्या हातात असते. तीन प्रसंग सांगतो. तिन्हींत मी कमी पडलो.

पहिला पाण्याचा. गंगापूर धरणातून ऑगस्टमध्ये विसर्ग वाढला की नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे धावतात. पाणी मारुतीच्या कमरेला, मग छातीला, मग गळ्याला. आमच्याकडे पूर असाच मोजतात आणि बातमीतही क्युसेकच्या आधी मारुती येतो. ते पाणी नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात जाते. तेव्हा आम्ही लिहितो, ‘पाणी सोडले’, आणि शहर सुटकेचा श्वास टाकते. पण दुष्काळी वर्षात हिशेब बदलतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचे, असे गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालावरून ठरले आहे. अशाच एका वर्षी मी स्वतः मथळा दिला : ‘आपले पाणी पळवले!’ नदी तीच, धरण तेच आणि जाणारे ठिकाणही तेच. ऑगस्टमध्ये ‘सोडले’ होते ते ऑक्टोबरात ‘पळवले’ झाले. अंक हातोहात खपला. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. तिला जालन्याला दिली आहे. म्हणाली, “मामा, आमच्याकडे दहा-दहा दिवस नळाला पाणी नसतं. तुमच्या पेपरातल्या ‘आपले’मध्ये मी लग्न झाल्यापासून नाही का?”

मी तिला द्राक्षबागांचे नुकसान सांगितले, उद्योगांचे सांगितले, कालव्यांचे आवर्तन सांगितले. सगळे खरे होते. नाशिकच्या शेतकऱ्याची बाजू मांडायलाच हवी होती, आणि ‘पळवले’ न लिहिताही ती मांडता आली असती. त्यानंतर आमच्या कचेरीत जायकवाडीच्या बातमीबरोबर खालच्या बाजूच्या एका गावाची दोन कॉलमी बातमी घ्यायचा नियम केला. खप वाढला नाही. संभाजीनगरहून चार पत्रे मात्र आली, त्यातली दोन शिव्यांची.

दुसरा कांद्याचा. यावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो. लासलगावच्या बाजार समितीतून रोज तीन आकडे येतात : किमान, कमाल आणि सरासरी, रुपये प्रति क्विंटल. उपसंपादकाचा हात आपोआप कमालवर जातो, कारण मथळा मोठा होतो. कमाल भाव एखाद्या वक्कलालाच (लिलावातल्या एखाद्या ढिगालाच) मिळालेला असतो, बाकीच्या शेकडो ट्रॅक्टरांना सरासरी किंवा त्याच्या खाली. आम्ही लिहायचो, ‘कांदा चार हजार पार’. तो आकडा वृत्तसंस्था उचलायच्या, दिल्लीत तो किलोत बदलायचा, तिथे त्यात वाहतूक आणि दलाली मिसळायची, आणि संध्याकाळी चॅनेलवर ‘कांद्याने रडवले’. २०१९च्या सप्टेंबरात निर्यातबंदी आली त्या आठवड्यात निफाडकडचा एक ओळखीचा शेतकरी कचेरीत आला. चहा घेतला नाही. म्हणाला, “साहेब, माझा कांदा सरासरीनं गेला आन् बंदी तुमच्या कमालवर आली.”

बंदी आमच्या मथळ्यामुळे आली असे मी म्हणणार नाही. महागाई, निवडणुका, पावसाने सडलेला माल, बरेच काही असते. पण मथळा कोणाच्या स्वयंपाकघरातून लिहिला जातोय, हा त्याचा सवाल खरा होता. कांदा वीस रुपये किलो झाला की शहरात ‘स्वस्ताई’ आणि कांदाचाळीत उन्हाळ कांदा साठवून बसलेल्या घरात सुतक. दोघेही आमचेच वाचक. २०२३मध्ये ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, आणि ४ मे २०२४ला ती उठली. तेव्हा मी घरी बसून रोज सगळी वर्तमानपत्रे चाळत होतो. मुंबई-दिल्लीच्या पानांवर ‘ग्राहकांना दिलासा’, आमच्याकडे ‘शेतकरी संतप्त’. ग्राहक आणि शेतकरी एकाच पानावर, एकाच बातमीत, आकड्यांसह भेटलेले फार क्वचित दिसले. संपादकाला राष्ट्रीय म्हणावे असे एखादे काम असेल तर ते हेच असावे. ते कंटाळवाणे आहे आणि त्याला बायलाइन (बातमीवर नाव) मिळत नाही.

तिसरा प्रसंग जड आहे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मी तेव्हा वृत्तसंपादक होतो. पुढे नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली आणि तपास यंत्रणेच्या तोंडचा ‘सूत्रधार’ हा शब्द आम्ही अवतरणचिन्हे काढून पहिल्या पानावर छापला. काढली कशाला? मथळ्यात जागा बसत नव्हती. तपास पुढे यंत्रणा बदलत गेला आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. एकाचा तोवर मृत्यू झाला होता. २०१६ साली मी संपादक होतो. ती बातमी आमच्याकडे सातव्या पानावर, तीन कॉलम. त्या दिवशी पहिल्या पानावर काय होते ते मला आज आठवतसुद्धा नाही.

त्याच शहरात २९ सप्टेंबर २००८ला पुन्हा स्फोट झाला. यावेळी आरोपी दुसऱ्या समाजाचे, शब्द तोच. ३१ जुलै २०२५ला त्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. मी निवृत्त झालो होतो, पण पानावर तो शब्द गेला तो माझ्याच संपादकपदाच्या पहिल्या वर्षात. दोन्ही वेळा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून पोलिसांचे म्हणणे हेच सत्य असे आम्ही छापले, आणि ज्यांची माणसे त्या स्फोटांत गेली त्यांना अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही. आमच्या घाईने त्यांचेही भले झाले नाही. तुमच्या तालुक्यात बॉम्ब फुटणार नाही, पण चोरीच्या संशयावरून पकडलेला मुलगा असतोच. ‘पोलिसांनी सांगितले’ हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात बसवा. मुख्य उपसंपादक ते काढेल. तुम्ही पुन्हा बसवा.

इतिहासाचे दाखले द्यायची आम्हा संपादकांना खोड असते. दरवर्षी ६ जानेवारीला ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकर, मग टिळक आणि मंडाले, आणि भाषण संपते. मंडाले थोरच, पण नव्या मुलांना मी त्याआधीची एक कैद सांगतो. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या दिवाणांवर, माधवराव बर्व्यांवर, लिहिताना टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. माफी मागूनही अब्रुनुकसानीचा खटला चालला आणि १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. हेतू शुद्ध होता, कळकळ खरी होती, सत्तेविरुद्ध बोलायची छाती होती. कागद तेवढा खोटा होता. म्हणून तुमच्या बातमीबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो कळकळीचा नसतो : कागद कुठे आहे?

आणि दुसरा एक दाखला, आमच्याच गावचा. १९२०मध्ये राष्ट्राच्या नावाने चालणारी वर्तमानपत्रे मराठीत भरपूर होती. तरी डॉ. आंबेडकरांना त्या वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ काढावे लागले, कारण त्या राष्ट्रात ज्यांची गणतीच नव्हती त्यांची बातमी तिथे येत नव्हती. दहा वर्षांनी, २ मार्च १९३०ला, काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. ‘नाशिकची बदनामी’ हा आक्षेप तेव्हाही कोणीतरी घेतलाच असेल. ज्यांना दाराबाहेर उभे केले होते त्यांच्या दृष्टीने बदनामी कशाने होत होती, हे सांगायला नको.

तर तुमचा पाडा. ‘बदनामी’ हा शब्द तपासू. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे सरकारचेच वचन. तुमच्या बातमीत देशाच्या योजनेविरुद्ध काही नाही; देशाने दिलेला शब्द त्या पाड्यापर्यंत पोहोचला नाही एवढेच त्यात आहे. सरकारी पैसा खर्च झाला आणि पाणी नाही, यात योजनेचे नाव राखायचे असेल तर ही बातमी छापणाराच ते राखतोय. हे तुम्ही कार्यालयाला ऐकवू शकता, पण भाषण म्हणून ऐकवू नका. माझ्यासारखी माणसे भाषणाने वळत नाहीत. पुराव्याने वळतात, कारण उद्या नोटीस आली तर ती अंकाखाली ज्याचे नाव आहे त्याला येते.

म्हणून बातमी पुन्हा बांधा. मी तुमचा मजकूर पाहिलेला नाही, पण पहिल्या दोन वर्षांत सगळेच ‘प्रशासन कुंभकर्णी झोपेत’ असे काहीतरी लिहितात. तसे असेल तर आधी ते काढा. फलकावरचा मंजूर खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराचे नाव उतरवून घ्या. फलकाचा फोटो आणि कोरड्या नळाचा फोटो एकाच दिवसाचा हवा. ग्रामपंचायतीत काम पूर्णत्वाचा दाखला कोणाच्या सहीने गेला ते पाहा; सरपंच दाखवणार नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवस मोजा. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे म्हणणे घ्या आणि ते पूर्ण छापा. कधी कधी त्यांच्याकडे खरेच उत्तर असते : विहिरीचा उद्भव (पाण्याचा स्रोत) आटला, वीजजोडणी रखडली, वनखात्याची परवानगी अडली. मग तुमची बातमी आणखी मोठी होते, कारण दोष एका अभियंत्याचा राहत नाही. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात छप्पर फाडणारा पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर, हे कोडे एका ठेकेदाराने घातलेले नाही.

विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो छापायच्या आधी तिला विचारा. फोटोने तिला लाज वाटेल का, सोयरीक जमायच्या मुलीच्या घरी त्रास होईल का, हे ती सांगेल. पाण्याअभावी तुमच्याकडे मुली द्यायला लोक कचरतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बातमीत तिचे वाक्य तिच्या बोलीत ठेवा, प्रमाण मराठीत धुऊ नका. तीही तुमच्या ‘आपण’मध्ये आहे.

कार्यालयाने पुन्हा नाही म्हटले तर? कारण विचारा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दौरा झाल्यावर आठ दिवसांनी तीच बातमी नव्या आकड्यांसह पाठवा. अर्ध्याहून अधिक ‘नाही’ खरे तर ‘आत्ता नाही’ असतात. मी स्वतः असे कितीतरी दिले आहेत. मोबाईलवर स्वतःचे चॅनेल सुरू करून बातमी त्यावर टाकायचा मोह होईल. टाकायचेच तर कागद हातात आल्यावर टाका, आणि तुमच्या करारात काय लिहिले आहे ते आधी वाचा. एकट्याच्या अब्रुनुकसानीच्या खटल्याला मागे उभी राहणारी संस्था नसते.

छोट्या तालुक्यातली बातमी लहान, असेही तुमच्या मनात असल्याचे प्रश्नातून जाणवले. मार्च २०१८मध्ये नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. त्यात पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणची माणसे मोठ्या संख्येने होती, बऱ्याच जणांची मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या दाव्यांची. आम्ही पहिल्या दिवशी आतल्या पानावर घेतले. सहा दिवसांनी, दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून ती माणसे रात्रीतून चालून आझाद मैदानावर पोहोचली आणि त्यांच्या फाटलेल्या पायांचे फोटो देशभर गेले. तेव्हा मला दिल्लीहून फोन यायला लागले, ‘हे वनहक्काचे प्रकरण काय आहे?’ कायदा २००६चा. आमच्या सुरगाण्याच्या वार्ताहराने त्या दाव्यांवर दहा वर्षांत किमान वीस बातम्या पाठवल्या होत्या. मी कपाटातून काढून मोजल्या. सहा छापल्या होत्या, सगळ्या सिंगल कॉलम. बाकीच्या माझ्या आणि माझ्या आधीच्यांच्या टेबलावर पडून राहिल्या होत्या, तुमच्या बातमीसारख्याच.

नोकरीचे विचारलेत. घरात दुसरी मिळकत नसेल तर या एका बातमीसाठी सोडू नका. असेल तरी मे महिना जाऊ द्या. मे महिन्यात त्या पाड्यावर परत जा, पंचायत समितीत टँकरच्या खेपांची नोंदवही मागा आणि फलकावर ‘पूर्ण’ लिहिलेल्या गावांची नावे त्या वहीत किती वेळा येतात ते मोजा. आकडा आला की मला कळवा. मथळा लावायला मी मदत करीन, ‘आपले’ हा शब्द कुठे घालायचा त्यासकट.